फाउंडेशन गेलंय

"फाउंडेशन गेलंय," मिस्त्री म्हणाला. बॉनेटमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता.

घराचं फाउंडेशन जातं हे ऐकून होतो. गाडीलाही ते असतं हे त्या दिवशी कळलं, तेही गेल्यावर.

लक्षणं खरं तर बरेच महिने दिसत होती. सिग्नलला थांबलो की कप होल्डरमधल्या बाटलीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. एसी लावला की वलयांच्या लाटा व्हायच्या. आरशात बघावं तर मागच्या ट्रकला तीन ड्रायव्हर दिसायचे. मात्र जरा रेस दिली, की सगळं शांत. त्यामुळे मी सिग्नलला एसी बंद करायचो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसायचो. मागच्यापुढच्यांना वाटत असणार की हा माणूस शर्यतीच्या तयारीत आहे.

"गाडी थरथरतेय," बायको म्हणाली.

"तीन सिलेंडरची आहे, थरथरणारच," मी म्हणालो आणि हिशेबच मांडला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, 800 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 20 स्फोट. पोटात सेकंदाला 20 स्फोट होत असताना कोण स्वस्थ बसेल?

"नवी होती तेव्हा किती सिलेंडर होते?"

या प्रश्नाला इंजिनिअरिंगमध्ये उत्तर नाही.

मग मी उपचार सुरू केले. आधी प्लग बदलले. मग थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. दोन्ही वेळा गाडी अर्धा दिवस सुधारल्यासारखी वाटली, म्हणजे पैसे दिल्यावर जेवढा वेळ वाटायला हवं तेवढा वेळ. पाण्याला मात्र काही वाटलं नाही.

मिस्त्रीने निदान दोन मिनिटांत केलं. मला गाडीत बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायला सांगितला आणि स्वतः बाजूला उभा राहिला. उघड्या बॉनेटच्या फटीतून मला दिसलं, अख्ख्या इंजिनने झोपेत कूस बदलावी तशी कूस बदलली. क्लच दाबला, पुन्हा सरळ.

इंजिन गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेलं असतं अशी माझी समजूत होती. तसं नसतं. माझ्या गाडीत ते तीन ठिकाणी टेकलेलं आहे: उजवीकडे एक माउंटिंग (मिस्त्रीच्या भाषेत हेच फाउंडेशन), डावीकडे गिअरबॉक्सला एक, आणि मागे खालच्या बाजूला टॉर्क रॉड, त्याला पुढेमागे डोलू न देणारा. लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मध्ये रबर. इंजिनाची सगळी आदळआपट ते रबर गिळतं. उष्णतेने ते कडक होतं, अंगावर तेल गळून मऊ होतं, शेवटी चिरतं. माझ्या उजव्या माउंटिंगमध्ये तर रबराच्या आत द्रवही भरलेला होता. होता, कारण तो गळून त्याचा काळा ओघळ खाली सुकला होता. हा ओघळ मी कितीदा पाहिला होता आणि 'ग्रीस असेल' म्हणून बॉनेट लावून टाकलं होतं.

मग इस्टिमेट आलं. पार्टची किंमत वाचून दचकलो, लेबर वाचून बसलो.

"रबराच्या तुकड्याला एवढं लेबर?"

"रबराचं नाही साहेब, इंजिन उचलून धरायचं आहे."

आणि खरंच धरायचं असतं. चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, जॅक, जॅकवर लाकडी फळी, कारण नुसता जॅक लावला तर चेंबर चेपायचा. वर हात घालायला जागा नाही. छोटी गाडी मी पार्किंगला सोपी म्हणून घेतली होती. लांबीत वाचलेली ती वीतभर जागा बॉनेटखालून कापलेली असते, आणि मिस्त्री तिचे तासावर पैसे घेतो.

"तिन्ही एकदम टाका," तो म्हणाला. "एक नवं टाकलं की भार उरलेल्या जुन्यांवर येतो."

"पण ती दोन चालतील ना?"

"चालतील."

मिस्त्री लोकांचं 'चालतील' नीट ऐकावं. त्यात 'कधीपर्यंत' गाळलेलं असतं. मी ते ऐकलं नाही. उलट अजून एक हुशारी केली: ओरिजिनलऐवजी लोकल टाकायला सांगितलं. तो काही बोलला नाही. पाना पुसत राहिला.

काही आठवडे बाटलीतलं पाणी काचेसारखं होतं. बायकोला मुद्दाम सिग्नलवर दाखवलं. मग गिअर टाकताना खालून 'खट्' यायला लागलं. टॉर्क रॉड. हे काम त्यातल्या त्यात सोपं, गाडी वर घेतली, खालून बदलला. स्वस्तात सुटलो आणि हप्त्याहप्त्याने बदलण्याच्या माझ्या धोरणावरचा विश्वास वाढला.

डावीकडच्याने तो उतरवला. त्यासाठी बॅटरी काढा, बॅटरीचा ट्रे काढा, मग गिअरबॉक्सखाली पुन्हा तोच जॅक, तीच फळी. जुनं माउंटिंग निघालं ते दोन तुकड्यांत. लोखंड एका हातात, रबर दुसऱ्या. नवं बसवताना त्याने बोल्ट आधी नुसते लावले, फळी हळूहळू खाली घेतली, सगळा भार आपल्या वजनाने बसू दिला आणि मगच पाना मारला. फार सुंदर काम. मी बाजूला स्टुलावर बसून तिन्ही बिलांची बेरीज करत होतो. तिन्ही एकदम टाकली असती तर, ही बेरीजही केली. ती फोनमधून पुसून टाकली. फोन घरी उघडा पडलेला असतो.

"लावा स्टार्टर."

लावला. पाणी स्थिर. एसी लावला, आणि काठाशी एक वलय उठलं. अगदी बारीक. मी बाटली जरा सरकवून पाहिली. वलयही सरकलं.

मिस्त्रीने उजवीकडे वाकून टॉर्च मारला.

"हे कधी टाकलं होतं?"

"पहिल्यांदा आलो तेव्हा. तुम्हीच."

"लोकल होतं ना?"

मी एसी बंद केला. पाणी शांत झालं, पण तो काही पाण्याकडे बघत नव्हता.

"आता ओरिजिनल टाकू?" या वेळी त्याने माझ्याकडे बघून विचारलं.