दोन

परवा माझ्या चार वर्षांच्या मुलीला एका अनोळखी माणसाने भर डब्यात नापास केलं, आणि मी शेजारी बसून हसलो. ते हसणं अजून घशात अडकलंय.

नाताळच्या सुट्टीत मुलांना माथेरानच्या झुकझुकगाडीत बसवायचं, ही कल्पना माझीच. पहाटेची लोकल, नेरळची रांग, दोन्ही पोरांच्या डोक्यावर लाल सांताटोप्या, ते सगळं सोडतो. गाडी सुटल्यावर पाचव्या मिनिटाला सहा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, "धूर कुठेय?" डिझेल इंजिन म्हणजे काय ते सांगेपर्यंत पुढचा प्रश्न आला. "मी उतरून पळालो तर पुढे जाईन ना?" गेला असता. २१ किलोमीटरला दोन तासांहून जास्त घेते ती.

समोर एक काका. त्या डब्यात समोर म्हणजे गुडघ्याला गुडघा. गळ्यात मफलर, मांडीवर लिमलेटच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, शेजारी डोळे मिटलेल्या काकू. काका कशातून निवृत्त झाले होते ते कळलं नाही, पण परीक्षा घेण्यातून नक्कीच झाले नव्हते.

"बाळ, ही गाडी कधी सुरू झाली?"

"आत्ता."

"१९०७! आणि बांधली कोणी?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहिलं.

"अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय! वडिलांनी पैसे घातले, मुलाने रेल्वे बांधली." हे म्हणताना काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की, तुम्ही कशात घातलेत? टोप्यांत.

प्रत्येक प्रश्नाआधी डबा उघडायचा, गोळ्या दिसायच्या. उत्तर चुकलं की झाकण टक्कन बंद. २००५च्या पावसात रूळ वाहून गेले, टक्. २०१९च्या पावसात पुन्हा, टक्. थेट नेरळहून गाडी परत धावली ती ऑक्टोबर २०२२मध्ये, टक्. "सारखी आजारी पडते का ही?" मुलाने विचारलं. मला हे उत्तर पूर्ण मार्कांचं वाटलं. काकांना नाही. बाहेर एवढा सह्याद्री उभा, आणि माझी दोन्ही पोरं त्या झाकणाकडे बघत बसलेली.

मग मुलीची पाळी आली. झाकण उघडलं. "सांग बरं छकुले, या दोन रुळांमधलं अंतर किती फूट?"

चार वर्षांच्या मुलीला! जिला डावी चप्पल कुठली ते अजून कळत नाही. तिने गोळ्यांकडे टक लावून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, "दोन."

"चूक. अडीच!" टक्. आणि मला, "नुसतं फिरवू नये हो मुलांना, आधी चार गोष्टी सांगाव्यात."

तेव्हा मी हसलो. सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदाराने हातावर चॉकलेट ठेवलं की हसतो, तसं. दुसऱ्याची मुलं म्हणजे सार्वजनिक मालमत्ता असते आपल्याकडे. कोणीही थांबवावं, गाल ओढावा, पाढे विचारावेत, आईबापाला सुनवावं. तुमचा बीपी किती, असं मी काकांना विचारलं असतं तर चाललं असतं का?

जुम्मापट्टीला माकडाने मुलाची टोपी पळवली. घालून मिरवली असती तर निदान फोटो तरी झाला असता. त्याने ती शांतपणे फाडली. मुलाने भोकाड पसरलं. "खिडकीशी वस्तू ठेवू नयेत," काका म्हणाले.

थोडं वर गेल्यावर काकांनी मफलर सावरला. "आता येणार या मार्गावरचा एकमेव बोगदा! वन किस टनेल!"

रडणं बंद. "असं का नाव?"

"लहान आहे ना, म्हणून."

"मग किस कोणी घेतली?"

डबा गप्प झाला. काकांनी गोळ्यांचा डबा उगाचच चाचपला. "इंग्रजांच्या वेळचं नाव आहे ते…"

काकूंनी नेरळपासून पहिल्यांदा डोळे उघडले. "सांगा की त्याला. लग्नानंतर आलो होतो तेव्हा मला बरं नीट समजावून सांगितलं होतंत."

तेवढ्यात अंधार आला आणि गेलाही. उजेडात काकांचे कान पोरांच्या टोपीइतके लाल. त्यानंतर माथेरान येईपर्यंत एकही प्रश्न नाही. गोळीही नाही, हे लक्षात घ्या.

घरी आल्यावर रात्री साडेअकराला सहज म्हणून मोबाइलवर शोधलं. ६१० मिलिमीटर. म्हणजे दोन फूट! अडीच फूट ती कालका-शिमल्याची. मी ताडकन उठून बसलो. बायकोला हलवून सांगितलं. तिने कूस बदलली. काकांचं नाव माहीत नाही, नंबर नाही. तो माणूस आत्ता कुठेतरी अडीच फुटांवर गाढ झोपला असेल.

सकाळी मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं, "अगं, तुझं उत्तर बरोबर होतं. दोनच फूट!"

तिने दुधाचा पेला खाली ठेवला. "फूट नाही बाबा. गोळ्या. एक मला, एक दादाला."