एकाच तोंडाचे पाच साक्षीदार

किनारा नजरेआड करून शिडाच्या नौकेने तीन-चार दिवसांच्या सफरीला जायचे ठरले, की कामांची वाटणी होते. ज्याला स्वयंपाक येतो तो शिधा भरतो, ज्याचे हात कायम काळे असतात तो इंजिन पाहतो, ज्याच्या गाठी सुटत नाहीत तो शिडे आणि दोर तपासतो, आणि ज्याला यांपैकी काहीच धड येत नाही पण मोबाइल बरा हाताळता येतो, त्याच्या गळ्यात हवामान पडते. आमच्या नौकेवर हे खाते माझ्याकडे आहे. त्याचे वैशिष्ट्य असे, की वारा चांगला मिळाला तर ते कप्तानांचे कौशल्य ठरते आणि वाईट मिळाला तर तो मी आणलेला असतो.

बाहेरच्या माणसाला वाटते, की समुद्रावरच्या हवामानाची माहिती मिळत नसेल, म्हणून ही तक्रार असावी. प्रत्यक्षात ती इतकी मिळते, की तिच्यात बुडण्यासाठी समुद्राची गरज पडू नये. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून मंडळी आपापल्या फोनवरचे नकाशे मला पाठवू लागतात. एकात वारा निळा असतो, दुसऱ्यात तोच वारा हिरवा असतो, तिसऱ्यात त्याच्या रेघा पडद्यावरून अशा सळसळत धावतात, की पाहणाऱ्यानेच काठाला धरून बसावे. “पाच ठिकाणी पाहिलं, पाचही जण मंगळवारी पंधरा नॉट म्हणतात; आता आणखी काय हवं?” असा सवाल येतो. (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, वाऱ्याचा वेग मोजायचे समुद्रावरचे माप.) पाचामुखी परमेश्वर हे मलाही मान्य आहे, पण या पाच मुखांचा कंठ एकच आहे, हे पटवण्यात माझी निम्मी वाचा खर्ची पडते.

बहुतेक फुकट ॲप स्वतः कोणताही अंदाज करत नाहीत. अमेरिकेच्या हवामान सेवेचे जीएफएस हे मॉडेल, म्हणजे संगणकावर हवामानाचे गणित करणारी प्रणाली, जागतिक प्रमाणवेळेनुसार ०, ६, १२ आणि १८ वाजता, म्हणजे दिवसातून चार वेळा, पुढच्या सोळा दिवसांचे गणित मांडते आणि ते सगळ्या जगाला मोफत देते. ॲपवाले ते उचलतात, त्याला आपला रंग लावतात आणि आपले नाव देतात. त्यामुळे पाच ॲपचे एकमत ही एकाच साक्षीदाराने पाच वेगवेगळे सदरे घालून दिलेली साक्ष असते. खरी दुसरी साक्ष हवी असेल, तर गणितच दुसऱ्याचे लागते: १९७५ साली स्थापन झालेल्या युरोपीय हवामान केंद्राचे, किंवा जर्मन हवामान सेवेच्या आयकॉन मॉडेलचे. ही दोन-तीन मॉडेले जुळली तर जीव थोडा भांड्यात पडतो. एकाने कमी दाबाचा पट्टा उत्तरेला नेला आणि दुसऱ्याने दक्षिणेला, तर निदान एवढे कळते, की या घडीला कोणालाच काही कळलेले नाही, आणि माझ्या मते ही त्या आठवड्यातील सर्वांत विश्वसनीय माहिती असते. कप्तानांना ती पसंत नाही. “काल म्हणालात गुरुवारी वारा वाढेल, आज म्हणता शुक्रवारी. तुमचं एक काहीतरी ठरवा,” असे ते म्हणतात, जणू वादळाच्या तारखा मीच मागेपुढे करतो आहे.

त्यांच्यापेक्षाही अवघड गृहस्थ म्हणजे ज्याची रजा मंजूर झालेली आहे तो. त्याला त्याच्या रजेच्या तारखांना वारा मंद, समुद्र शांत आणि आकाश निरभ्र दाखवणारा एक तरी अंदाज सापडतोच. सापडेपर्यंत तो शोध थांबवत नाही. आज एक तारीख असताना तो बारा तारखेच्या दुपारी तीनच्या वाऱ्याबद्दल मला खात्री देतो. मी त्याला हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांची हकिगत ऐकवली. १९६१ साली त्यांनी आपल्या संगणकावरील हवामानाच्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ या आकड्याऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ एवढाच आकडा भरला, आणि एवढ्याशा फरकाने पुढचे सगळे हवामान पार वेगळे निघाले. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग पूर्ण आकडा भरायला त्यांना काय झालं होतं?”

हवामान खात्यांच्या सागरी पत्रकांवर माझी सर्वाधिक श्रद्धा आहे, कारण ती निदान एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेखालून गेलेली असतात. पण ती वाचणे हे वकिली कागद वाचण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे. पत्रकात वारा वीस नॉट असला, तर तो दहा मीटर उंचीवरचा सरासरी वेग असतो. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त, म्हणजे अठ्ठावीस नॉटचे असू शकतात, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे शिडाला बसणारा दणका जवळजवळ दुप्पट होतो. लाटांचा प्रकार याहून बिलंदर आहे. जी उंची जाहीर होते, ती सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट तिच्या दुप्पट भरू शकते. दोन मीटरचा अंदाज वाचून निघालेल्या माणसावर चार मीटरची लाट कोसळली, की तो अंदाज चुकला म्हणून ओरडतो, पण अंदाज चुकलेला नसतो. त्या लाटेची जागा त्यात आधीच राखलेली असते. ही बाब नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनी-होबार्ट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत १९९८ साली वादळ आले; ११५ नौका निघाल्या, ४४ पोहोचल्या आणि ६ जणांचा जीव गेला. अंदाजातला आकडा सरासरीचा असतो, हे कित्येक खलाशांना ठाऊकच नव्हते, असे नंतरच्या चौकशीत पुढे आले.

किनाऱ्याजवळच्या भूशिरांचे तर बोलायलाच नको. जीएफएसचे जे आकडे सर्वत्र वाटले जातात, त्यांच्या दोन बिंदूंमध्ये पाव अंशाचे, विषुववृत्ताजवळ सुमारे २८ किलोमीटरचे अंतर असते. एवढ्या जाळीतून आख्खे भूशीर निसटते, आणि त्याला वळसा घालताना चेकाळणारा वाराही निसटतो.

हे झाले बंदरातले. किनारा मागे पडला, की मोबाइल मुका होतो आणि नॅव्हटेक्सचे यंत्र बोलू लागते. ५१८ किलोहर्ट्झवरून रेडिओने येणारी ही लेखी सागरी इशारापत्रे काहीशे सागरी मैलांपर्यंत पोहोचतात, आणि अत्यंत कोरड्या भाषेत असल्यामुळे मला ती प्रिय आहेत. त्यापलीकडे उपग्रह-फोन. आमचा जुना आहे. तो सेकंदाला जेमतेम २४०० बिट ओढतो, म्हणून वाऱ्याच्या फाइलची मागणी करताना समुद्राचा लहानसाच चौकोन मागायचा असतो. रजावाल्या गृहस्थांनी, मी झोपलेला असताना, आख्खा महासागर मागवला. वारा, लाटा, पाऊस आणि ढग यांसकट. फाइल उतरू लागली आणि बाहेर वारा वाढू लागला. शिडे आवरून, भिजून, कपडे बदलून आम्ही खाली आलो, तेव्हा वारा वाढणार असल्याची माहिती पूर्ण उतरली होती. ज्या नौकांवर आता वेगवान उपग्रह-इंटरनेटची तबकडी बसली आहे, तिथे हा त्रास उरलेला नाही. तिथे भर समुद्रातही पाचही ॲप उघडतात.

बॅरोमीटरबद्दल मात्र आमच्यात मतभेद नाही. तो फक्त इथले आणि आत्ताचे सांगतो, दर तासाला वहीत नोंदला तर दाब किती झपाट्याने उतरतो आहे ते दाखवतो, आणि कोणाच्या रजेची चौकशी करत नाही.

या खेपेला दोन स्वतंत्र मॉडेले जुळली होती, सलग तीन गणितांत कमी दाबाचा पट्टा जागचा हलला नव्हता आणि पत्रकातही इशारा नव्हता. कप्तानांनी विचारले, “मग पहाटे निघायचं?”

“नवं गणित आत्ताच सुरू झालंय. चारेक तासांत हाती येईल, तेव्हा सांगतो.”

“आणि त्यात वेगळं आलं तर?”

“तर त्याच्यानंतरचं सहा तासांनी असतंच.”

कप्तान काही बोलले नाहीत. शिधा सांभाळणारे गृहस्थ मात्र उठले, खाली गेले आणि सफरीच्या पहिल्या दिवसासाठी बांधलेला डबा त्यांनी बंदरातच उघडला.