‘कोकणात बदली झाली? मग फोर बाय फोर विकून टाका’: या सल्ल्याला मुद्द्यागणिक उत्तर

घाटावरून कोकणात बदली होऊन येणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचा गाभा असा: सोलापूर-बीडच्या माळरानावर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी पळवलीत, ती मजा आता विसरा. कोकणात पाऊस चौपट, म्हणजे चिखलही चौपट. जून ते सप्टेंबर गाडी झाकूनच ठेवावी लागते. बऱ्या वाटा जुन्या टोळ्यांनी दाबून ठेवल्यात, नवख्याला कुणी सांगत नाही. एवढं करून हौस असेलच तर मड टायर (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) आणि स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) लावा आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर जा. सडा ओसाड असतो, कुणाचाच नसतो. नाहीतर गाडी विकून मोकळे व्हा.

मी सोलापूरकडून रत्नागिरी जिल्ह्यात आलो आणि इथेच गाडी चालवतो. हा मजकूर वाचून माणसं खरोखर गाड्या विकतात, याचं वाईट वाटतं. त्याहून जास्त त्रास याचा होतो की उरलेली माणसं ‘सडा कुणाचाच नाही’ हे वाक्य खरं धरून गाडी घेऊन निघतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘पाऊस चौपट, म्हणून चिखल चौपट’

पावसाचा आकडा साधारण बरोबर आहे. सोलापुरात वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर पडतो, रत्नागिरीत ३००० मिलिमीटरच्या वर. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. किती पाणी पडलं याने वाट बिघडत नाही. पडलेलं पाणी जातं कुठे आणि खाली काय आहे, याने बिघडते.

घाटावर खाली काळी माती आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. अर्धा तास सर येऊन गेली की ती टायरच्या खाचांत भरते, चाकाचं गुळगुळीत लाटणं होतं, मग मडगार्डच्या आत थर चढत जातो आणि चाक फिरायचंच थांबतं. वाफसा येईपर्यंत शेतकरीसुद्धा त्या रानात पाय घालत नाही. ज्याने काळ्या रानात गाडी रुतवून ट्रॅक्टरची वाट पाहिली आहे, त्याला कोकणातल्या चिखलाची भीती घालायचं कारण नाही.

कोकणात वर जांभा आहे. दगड सच्छिद्र, त्यावरची तांबडी माती उथळ आणि मुरमाड. ती काळ्या मातीसारखी फुगत नाही. तासभर मुसळधार कोसळून थांबला की उताराच्या गाडीवाटेवरचं पाणी वाहून जातं आणि खाली खडखडीत तळ लागतो. कोकणातला वाईट चिखल ठरावीक ठिकाणी असतो आणि ती ठिकाणं ओळखता येतात. एक, मळ्यातली भातखाचरं. तिथला चिखल माणसाने लावणीसाठी मुद्दाम केलेला असतो. तिथे गाडीचं काहीच काम नाही. दोन, खाडीकाठची खाजणं. वरून सुकी दिसतात, भरतीचं पाणी खालून येतं, आणि तिथे रुतलेल्या गाडीजवळ पुढच्या भरतीआधी पोचावं लागतं. तीन, जांभ्याच्या थराखालची पांढुरकी-गुलाबी चिकणमाती. रस्त्यासाठी डोंगर कापला की ती उघडी पडते आणि ओली झाली की त्यावर चारही चाकं एकदम घसरतात. वाटेवर तांबड्या मुरमाचा रंग बदलून फिकट गुलाबी पट्टा दिसला की उतरून पाहावं, चालत जाऊन यावं आणि मगच गाडी घालावी.

तेव्हा इथे नव्याने येणाऱ्याने शिकायचं ते हे. घाटावर आपण ‘पाऊस कधी पडला’ विचारत होतो. इथे ‘खाली काय आहे’ विचारायचं.

‘चार महिने गाडी बंद’

अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं गंभीरपणे घेतलं पाहिजे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडालं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल तेव्हा घाटउताराच्या कच्च्या वाटांवर जाऊ नये. नदीपलीकडे जाऊ नये. त्या दिवशी बचावपथकाला आणखी एक गाडी शोधायला लावणं हा गुन्हाच समजावा.

पण जुलैतले सगळे दिवस तसे नसतात. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की सड्यावरच्या रुळलेल्या वाटा बहुतेक दिवशी चालण्याजोग्या असतात. रेनफॉरेस्ट चॅलेंज या खडतर वाटांवरून गाड्या चालवण्याच्या स्पर्धेची भारतातली आवृत्ती २०१४ साली गोव्यात सुरू झाली ती भर पावसाळ्यातच, कारण त्या प्रकाराला पाऊसच लागतो. महिंद्राने ऑफरोड शिकवणारी अकादमी उभी केली तीही इगतपुरीत, म्हणजे राज्यातल्या भरपूर पावसाच्या ठिकाणांपैकी एकात. ही दोन्ही उदाहरणं आखलेल्या जागेवरची आहेत हे मान्य. तिथे रिकव्हरीची, म्हणजे रुतलेल्याला ओढून काढणारी गाडी हाताशी असते. एकट्याने, एकाच गाडीने, नवख्या वाटेवर पावसात जाणं हे वेगळं, आणि ते मी कुणालाच सुचवणार नाही.

‘वाटा जुन्यांनी दाबून ठेवल्यात’

काही जण सांगत नाहीत, खरं आहे. मला आता त्यांचं कारण पटतं: एका वाटेचा पत्ता व्हिडिओखाली टाकला की महिन्याभरात तिथे पंचवीस गाड्या जातात, कुणाचा तरी गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) पडतो आणि मालक वाटेवर चर खणून टाकतो. पण त्यांच्यावाचून अडत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे नेटवर मोफत मिळतात. त्यात गाडीवाट, जनावरांची वाट आणि पायवाट यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. मोबाइलवरच्या नकाशात या तिन्ही एकाच करड्या रेघेने दाखवल्या जातात, आणि तिथेच नवखे फसतात. कारण कोकणात ती रेघ पाखाडीचीही असू शकते: दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, मागे वळायला जागा नाही. सर्वेक्षणाच्या नकाशावर आणखी एक गोष्ट बघा. उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे काळ्या रंगात असतात, पाणी निळ्या रंगात. घाटावर त्या काळ्या रेघांकडे दुर्लक्ष केलं तरी निभतं. इथे जूननंतर तीच काळी रेघ म्हणजे कमरेएवढा वाहता पऱ्या असतो. उन्हाळ्यात तुम्ही त्याच्या पात्रातून गेला असाल, पण पावसाळ्यात ती वाट तिथेच संपते.

नकाशावर गाडीवाट दिसली की पुढचा शोध माणसांकडे घ्यायचा. हापूसच्या पेट्या खाली आणणारी बोलेरो पिकअप, बागेला पाणी देणारा टँकर, जांभ्याचे चिरे वाहणारा ट्रक या गाड्या रोज जिथून जातात ती कोकणातली खरी ट्रेल. त्या चालकांना कुठल्या वळणावर दगड वर आलाय, कुठल्या साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) वजन घालायचं नाही हे सगळं पाठ असतं. गावातल्या चहाच्या टपरीवर बसून विचारलं की सांगतात. सरळ विचारा, ‘दादा, या वाटेने गाडी नेली तर चालेल का, बाग कुणाची आहे?’ रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक जमीन खाजगी आहे आणि सातबाऱ्यावर पुष्कळदा दहा-बारा भावकीची नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. म्हणून एका भावाने हो म्हटलं तरी पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवणं बरं. डिसेंबरात मोहोर आला की मेअखेरपर्यंत बागांच्या वाटा आपल्यासाठी बंदच समजा; राखणीला माणसं असतात, बहुधा नेपाळी राखणदार, आणि रात्री अनोळखी दिवे दिसले की त्यांनी अडवावं हेच त्यांचं काम आहे.

राखीव वन, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घालणं हा कायद्याने गुन्हा आहे. कोयना, चांदोली, राधानगरी या नावांजवळ वाट शोधत असाल तर आधी वनखात्याचं कार्यालय गाठा.

‘सडा ओसाड, कुणाचाच नाही’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण ही नावं आता बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ती भिंतीवर नाहीत, जमिनीवर आडवी कोरलेली आहेत. काहींची रेघ बोटाएवढी खोल, काहींची जेमतेम. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की त्याच्या अंगावर उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. त्यात गवत आणि माती भरलेली असली तर दोन टनांची गाडी त्यावरून जाईल आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. जांभा ठिसूळ असतो. चाक जागेवर फिरलं तर हजारो वर्षं टिकलेली रेघ तिथल्या तिथे जाते. सगळ्या कातळशिल्पांभोवती कुंपणं नाहीत, आणि नवी अजूनही सापडताहेत.

पावसाळ्यात त्याच कातळावर बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी इवली रानफुलं उगवतात. दोन-तीन महिन्यांत त्यांचं सगळं आयुष्य उरकतं. टायरचा एक माग त्या पातळ थरावर पुढच्या पावसाळ्यातही दिसतो.

ज्याला हे पटत नाही त्याने निदान स्वतःच्या जिवासाठी ऐकावं. सड्यांवर सोडून दिलेल्या चिरेखाणी आहेत. चिरा यंत्राने कापतात, म्हणून खाणीची भिंत काटकोनात सरळ खाली जाते, उतार अजिबात नाही. पावसाळ्यात त्या पाण्याने भरतात. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं वाढून पार काठापर्यंत येतं आणि बॉनेटवरून पाहिलं तर समोर एकसारखा पिवळा माळ दिसतो. रुळलेली वाट सोडून ‘जरा शॉर्टकट’ घेणाऱ्याला खाणीची कड गाडीचं पुढचं चाक अधांतरी गेल्यावरच दिसते.

आणि सडा कुणाचाच नाही हे तर सरळ खोटं. तिथे गुरं चरतात, गवत कापून विकलं जातं, देवाची जागा असते, सातबारा असतो. बारसूला २०२३ मध्ये रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा सड्यावर आलेल्या प्रत्येक अनोळखी गाडीकडे लोक संशयाने पाहत होते, आणि का पाहू नये? रुळलेल्या वाटेवर राहा, ओळख सांगा, सड्याचा आनंद चालत घ्या.

‘मड टायर आणि स्नॉर्कल लावा’

मड टायरच्या मोठ्या ठोकळ्यांना खोल मऊ चिखल लागतो. इथे बऱ्याचदा ओला, शेवाळलेला कातळ असतो, आणि त्यावर बारीक चिरा असलेला चांगला ऑल-टेरेन टायर जास्त धरतो. हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवली की फरक लगेच जाणवतो. त्याहून खाली नको, कारण जांभ्याच्या धारेने टायरची बाजू कापली जाते. परत भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवा.

स्नॉर्कल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, एवढंच. गाडी वाहून जाण्यापासून तो वाचवत नाही. महिंद्राच्या थार गाडीची पाण्यातून जायची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते. ती साचलेल्या पाण्याची समजावी. वाहतं पाणी त्याच्या निम्म्या खोलीतही छोटी गाडी ढकलतं आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या उचलतं. कोकणातल्या नद्या आखूड आहेत. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर घाटात ढग फुटलेला असू शकतो. पऱ्याचं निवळ पाणी बघता बघता तांबडं झालं, पालापाचोळा यायला लागला, की अर्ध्यात असाल तरी जवळच्या काठाला लागा.

‘नाहीतर विकून टाका’

विकण्याआधी गाडी खरोखर फोर बाय फोर आहे का ते पाहा. २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांच्या जोरावर चालणारीही मिळते. असेल तर ठेवा आणि देखभाल इथल्या हवेला साजेशी करा. खाऱ्या हवेत चासी लवकर गंजते, म्हणून पावसाळ्याआधी खालून गंजरोधक थर द्यावा. वाळूत किंवा खाडीकाठी गेलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालचं अंग धुवा. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत थंडीत कासवं अंडी घालतात, तेव्हा किनाऱ्यावर मुळात गाडी उतरवूच नये. गोव्यात तर त्याबद्दल पोलीस कारवाई करतात. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचं) तेल काढून बघा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ते तेल पुढच्या फेरीआधी बदला आणि ब्रीदरची (त्या डब्यातली हवा आत-बाहेर करणारी) नळी उंचावर बांधून घ्या.