सगळे पेत्रोविच एकाच पेतारचे नाहीत

सर्बियाच्या इतिहासाविषयी फिरणाऱ्या एका मजकुरात तीन दावे आहेत. पेत्रोविच हे शतकानुशतके चालत आलेलं आडनाव आहे, ते लावणारे सगळे एकाच पेतारचे वंशज आहेत, आणि पेत्रोविच म्हटला की तो सर्बच. तिन्ही चुकीचे आहेत.

पहिला दावा घ्या. 19व्या शतकाच्या सुरुवातीला सर्बियाच्या शुमादिया भागातल्या शेतकऱ्याची ओळख बापाच्या नावावरून होई ('पेत्रोविच' म्हणजे पेतारचा मुलगा), आणि पुढच्या पिढीत ती बदलू शके. ऑटोमन सत्तेविरुद्धच्या 1804 च्या उठावाचा नेता काराजोर्जे याचं खरं नाव जोर्जे पेत्रोविच, कारण वडील पेतार. त्याचा मुलगा अलेक्सांदार मात्र काराजोर्जेविच म्हणून गादीवर आला आणि राजघराण्याला तेच नाव चिकटलं. प्रतिस्पर्धी घराण्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. त्या घराण्याचा संस्थापक मिलोश. त्याचे वडील तेओदोर, तरी तो झाला ओब्रेनोविच. ओब्रेन हा त्याच्या आईचा पहिला नवरा, सावत्र भाऊ मिलानचा बाप. उठावात मिलानचं वजन मोठं होतं, म्हणून मिलोशने त्याचं आडनाव उचललं. मिलोशच्या घराण्यातला शेवटचा राजा 1903 मध्ये मारला गेला, तोवर हे घराणं अशा माणसाचं नाव लावत होतं, ज्याच्याशी त्याचा रक्ताचा संबंधच नव्हता. आडनावावरून थेट वंशावळ काढणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

एकाच पेतारचे वंशज म्हणाल, तर संत पेतारमुळे हे नाव गावोगाव होतं. जितके पेतार, तितकी पेत्रोविच घराणी. माँटेनेग्रोचे पेत्रोविच-न्येगोश हे त्यांतलंच एक वेगळं घराणं. तिथे सत्ता बिशपांकडे होती, ते अविवाहित असत, म्हणून गादी बहुधा काकाकडून पुतण्याकडे जाई. कवी न्येगोश (1813–1851) असाच आला. या घराण्याची आणि काराजोर्जेच्या वंशाची सोयरीक जुळली ती 1883 मध्ये, माँटेनेग्रोचा शासक निकोला याची मुलगी झोर्का पेतार काराजोर्जेविचला दिली तेव्हा.

तिसरा दावा खोडायला एक द्राझेन पेत्रोविच पुरे आहे. जन्म 1964, शिबेनिक, क्रोएशिया. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाने बास्केटबॉलचं रौप्य मिळवलं, ते त्याच्या नेतृत्वाखाली.