निरफणसाचे २० बाइट

निवृत्तीनंतर माणसाने देवळाच्या समितीत शिरावे किंवा विकिपीडियावर. मी दुसरा मार्ग धरला, कारण तिथे निदान वर्गणीचे पुस्तक घेऊन दारोदार फिरावे लागत नाही.

१ मे २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियावर खतखते या गोव्याकडच्या मिश्र भाजीविषयीचा मजकूर वाचताना, त्यात सुरण, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, अगदी तिरफळेसुद्धा असून निरफणस ही फणसाच्या कुळातली फळभाजी तेवढी नाही, असे माझ्या लक्षात आले. फोंड्यातल्या आमच्या घरी चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, खतखते निरफणसाशिवाय चुलीवर चढत नाही. मी तो शब्द घातला आणि लेखातल्या बदलांची नोंद, म्हणजे 'इतिहास', उघडला : हिरव्या रंगात +२०, म्हणजे २० बाइटची भर. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे निरफणसाचे १८ आणि पुढच्या स्वल्पविरामाचा व मोकळ्या जागेचा एकेक. मानवी ज्ञानात माझी एवढी भर पडली होती. चहा घेऊन परत येतो, तो त्याच्या वर लाल रंगात −२०.

उलटवणाऱ्या सदस्याने कारण दिले होते, 'संदर्भ हवा'. मी पुन्हा घातला, त्यांनी पुन्हा काढला. अशा खेचाखेचीला तिथे संपादन युद्ध म्हणतात आणि लढणाऱ्या दोघांवरही बंदी येऊ शकते, म्हणून मी चर्चा पानावर गेलो व माझी आई साठ वर्षे खतखते करीत आहे, असे नम्रपणे कळवले. उत्तर त्याहून नम्र होते : 'मातोश्रींविषयी आदर आहे, परंतु त्या प्रकाशित नाहीत.' संताप याचा, की नियमाने त्यांचेच बरोबर होते. घरच्या माहितीला तिथे 'मूळ संशोधन' म्हणतात, आणि ते चालत नाही.

तेव्हा बस पकडून पणजी गाठली आणि पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात, १८३२ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत, एका भाजीसाठी दुपारभर पाककृतींची पुस्तके उपसली. चौथ्या पुस्तकात निरफणस सापडला. पृष्ठ क्रमांकासह संदर्भ दिला आणि निरफणस टिकला. मात्र त्या सदस्याने, पुस्तक मिळालेच आहे तर, म्हणून त्याच पानावरचा ऐच्छिक कांदाही लेखात आणून ठेवला : +१७.

संदर्भ माझाच, त्यामुळे कांदा काढायचा कोणत्या तोंडाने? आईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, आणि चवथीच्या खतखत्यात कांदा कोणी घातला, असे विचारले. मी पुस्तकाकडे बोट दाखवले.

"बरे तर," ती म्हणाली, "यंदा चवथीला त्या पुस्तकाकडेच जेव."