लकवा मारल्यावर सरकारी दवाखान्यात ‘काहीच होत नाही’?

नागपूर, भंडारा, गडचिरोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लकवा, न थांबणारी फिट किंवा मेंदूज्वर झाला तर सरकारी दवाखान्यात वेळ घालवू नका. तिथं एमआरआय नाही, मेंदूचा डॉक्टर नाही, महागडी औषधं नाहीत. दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा आणि थेट नागपूरचं मोठं हॉस्पिटल गाठा. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. या मेसेजपायी धडधाकट माणसं जन्माची अधू झालेली पाहतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी सुई. एक साठीचे गृहस्थ आमच्याकडे आणले होते. सकाळी सातला हातातली कपबशी सुटली, तोंड वाकडं झालं. पोचले तेव्हा दुपारचे दोन. बोटांच्या टोकांवर वाळलेल्या रक्ताचे ठिपके. ‘वाटेत कुठंच नाही थांबलो जी,’ मुलगा सांगत होता. वाटेत सीटी स्कॅन असलेलं सरकारी रुग्णालय त्यांनी मागं टाकलं होतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ टळली होती. मेंदूतली गुठळी बोटातून रक्त काढून हलत नाही. उलट लकव्यात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

एमआरआय नसेल तर? पहिला प्रश्न एवढाच, की मेंदूत रक्तस्राव आहे का. ते साध्या सीटीत काही मिनिटांत कळतं, आणि रक्तस्राव असेल तर हे इंजेक्शन देता येत नाही, म्हणून निर्णय त्यावरच होतो.

मेंदूचा डॉक्टर (न्यूरोलॉजिस्ट) नसला तर फिजिशियन, म्हणजे माझ्यासारखा मेडिसिनचा डॉक्टर, हे इंजेक्शन देऊ शकतो. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतले डॉक्टर मोबाइलवर सीटीचे फोटो पाठवून, न्यूरोलॉजिस्टशी बोलून ते देत आले आहेत. पुढचं बरंचसं सिस्टरच्या हातात असतं. ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टी सिस्टरनी ठरल्या पद्धतीनं सांभाळल्या तर मृत्यू किंवा अपंगत्व येण्याचं प्रमाण कमी होतं, हे ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासात दिसलं. गिळण्याची तपासणी म्हणजे रुग्णाला नीट बसवून चमचाभर पाणी द्यायचं, ठसका लागतो का बघायचं, आवाज घोगरा-ओला होतो का ऐकायचं. खर्च शून्य. ती होण्याआधीच घरचे प्रेमानं ग्लुकोजचं पाणी पाजतात, ते फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. कृपा करून तोंडात काही घालू नका.

महागड्या औषधांचं म्हणाल, तर फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर मिडाझोलम हे फिट थांबवणारं औषध दंडात किंवा मांडीत टोचता येतं, शीर सापडायची वाट बघावी लागत नाही. त्यानंही थांबली नाही तर? २०१९ मध्ये लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन आणि व्हॅल्प्रोएट या फिटच्या पुढच्या तीन औषधांची तुलना झाली; तिन्ही सारखीच निघाली. म्हणजे यांतलं जे हाताशी असेल ते चालतं. आणि मेंदूज्वराचा चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये आपल्याच नागपुरात सापडला. त्यावर खास औषध जगात कुठंच नाही. ताप, फिट, श्वास आणि सलाइन वेळेवर सांभाळणं, हाच उपचार.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे. मोठी गुठळी नळीनं ओढून काढायची किंवा कवटी उघडायची असेल तर नागपूरला यावंच लागतं. पण इंजेक्शन जवळच्या ठिकाणी घेऊन मग निघता येतं. सरकारी वॉर्डांत माणसं कमी पडतात हेही मी नाकारत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायला आम्ही नातेवाइकांनाच शिकवतो. तिथं सिस्टर वाढवा म्हणून भांडायला मी तुमच्याबरोबर आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातातला एक मृत्यू लकव्यानं झालेला आढळला. तिथून नागपूर सुमारे १७० किलोमीटर. त्या माणसांना ‘थेट नागपूर’ सांगणं म्हणजे साडेचार तासांतला बहुतेक वेळ रस्त्यावर घालवायला सांगणं.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, की १०८ ला फोन करा. सीटी चालू असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं ते विचारा. आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, ती वेळ कागदावर लिहून आणा. आम्ही सगळ्यात आधी तेच विचारतो.