वारसा छापून मिळेल

ब्रँड काढायचा म्हणजे कपड्यापासून सुरुवात, हे खूळ आधी डोक्यातून काढा. सुरुवात टॅगपासून करायची. जाड तपकिरी कागद, सुतळीचा फास आणि खाली बारीक अक्षरांत ‘वारसा’. कंपनी परवा नोंदवली असली तरी चालेल. वारसा छापायला आजोबा लागत नाहीत, प्रिंटर लागतो.

मग लोगो. जुनं चिन्ह काढा, जाड सरळसोट अक्षरं घ्या. सगळ्यांनी तीच घेतलीत, म्हणजे वेगळेपण आलंच! बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडने २०१८ साली अशीच अक्षरं आणली आणि २०२३ मध्ये जुन्या लोगोतला घोडेस्वार परत बोलावला. गॅप या अमेरिकन ब्रँडने तर २०१० मध्ये नवा लोगो आठवड्याभरातच गुंडाळला. तुम्ही बिचकू नका, दोनदा बदललात तर दोनदा बातमी. (बर्बेरीची ती प्रसिद्ध चौकड्यांची नक्षी १९२०च्या दशकात कोटाच्या अस्तराला होती. चांगली गोष्ट आतल्या बाजूला! काय हा अडाणीपणा.)

आता नाइलाजाने कपडा. टी-शर्टचं कापड २२० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम वजनाचं) ठरलं असेल तर १५० वर आणा आणि ‘हवेशीर’ म्हणा. इंचाला १२ टाके कशाला, ८ पुरेत. दोराही वाचतो, मशीनचा वेळही. विणलेलं कापड कापण्याआधी सैल पडू द्यायचं, कॉम्पॅक्टिंग करायचं, म्हणजे दाबून आधीच आटवून घ्यायचं, असं कारागीर सांगतील. ऐकू नका. सुताचा पीळ मग धुण्यात सुटतो आणि दोन-चार धुण्यांत बगलेखालची शिवण सरकत सरकत बेंबीकडे निघते. तिला ‘असिमेट्रिक कट’ म्हणायचं.

ट्रेंडच्या बाबतीत मात्र हयगय नको. सकाळी फोनवर दिसलं ते दुपारी डिझायनरला धाडा. सूत, रंगाई, सॅम्पल, मापांची मंजुरी, शिलाई, जहाज यांत सहा महिने सहज जातात, तोवर ढगळ पँटी जाऊन तंग आलेल्या असतात. साचलेल्या मालावर ६० टक्के सूट लावा. पुढच्या खेपेला गिऱ्हाईक पूर्ण भावाने घेणारच नाही, सूट लागायची वाट बघत बसेल. यालाच निष्ठा म्हणतात.

सच्चेपणाही हवाच. पॅटागोनिया या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीने २०११ साली वर्तमानपत्रात ‘हे जॅकेट विकत घेऊ नका’ अशी जाहिरात दिली होती. तुम्ही जाहिरातीची कल्पना तेवढी उचला. जुने कपडे दुरुस्त करून देणारं त्यांचं खातं उचलू नका, तिथे पगारी माणसं बसवावी लागतात. बटण तुटल्याची तक्रार आली तर पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचा कोड पाठवा. बटण पाठवाल तर तोच शर्ट आणखी चार वर्षं अंगावर राहील.